ओवाळणीतले कल्दार

आत्या दिवाळीला यायची ती माहेरपणासाठी कमी, आणि मला तपासायला जास्त. मी अकोल्याला तिच्या घरी राहून इंग्रजी शाळेत शिकले. फी तिने भरली, वडिलांना उसनी म्हणून. हिंगोलीला परत आल्यावर माझ्या इंग्रजीचा कुणाला उपयोग नव्हता, फी मात्र कुणी विसरले नव्हते. आत्याने लिहून काहीच घेतले नव्हते, आणि ते का, हे सगळ्यांना ठाऊक होते. भावाच्या मुलीवर बहिणीचा हक्क, आणि तिचा मुलगा लग्नाचा होता. मी वाचत बसले की तो माझ्या हातातले पुस्तक काढून उलटे करून परत द्यायचा आणि हसायचा. इतक्या वर्षांत त्याला दुसरा विनोद सुचला नाही.

त्या वर्षी आमचे भाड्याचे घर मालकाने विकायला काढले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. किमतीतला थोडा भाग त्यांनी साठवला होता. उरलेल्यासाठी तेच घर गहाण ठेवून सावकाराचे कर्ज काढायचे होते. सावकाराने विचारले, जुने कुणाचे देणे आहे का. वडिलांनी बहिणीचे सांगून टाकले. मग आधी ते मिटवा, नंतर गहाणखताचे बोलू, असे म्हणून त्याने त्यांना परत पाठवले. ते मिटवायचे तर साठवलेले सगळे जाणार होते.

"वन्संचं काहून काढलं तुमी?" आई म्हणाली. "पोरगी त्यांच्याच घरात जायची. आपसूक मिटतंय ते. घर बी होईल."

मी तांदूळ निवडत होते. वडिलांनी मला विचारले, तुला काय वाटते. मी खाली बघून "नको" म्हणाले.

"काय नको? घर, का आत्याचं पोरगं?" आईने विचारले.

मी पुढची मूठ निवडायला घेतली. वडील उठले आणि बाहेर गेले. चार दिवस गेले. मग शिल्लक काढून त्यांनी त्या रुपयांचे कल्दार करून आणले. आमच्याकडे निजामाचे हाली रुपये चालत, पण आत्याने वऱ्हाडातले कल्दार, म्हणजे इंग्रजी रुपये दिले होते आणि ती तेच मागणार, हे ते जाणून होते.

पैसे थेट हातात देण्याचा धीर मात्र त्यांना झाला नाही. भाऊबीजेला आत्याने ओवाळले, तेव्हा त्यांनी लाल फडक्यातली ती पुरचुंडी तबकात ठेवली. ओवाळणी बहीण नाकारत नाही, असा त्यांचा हिशेब.

आत्याने फडके चाचपले. "एवढी ओवाळणी हिंगोलीत कुणाच्या बहिणीला मिळाली न्हाई."

"आक्का, ते फीचे आहेत."

"तबकात पडलं ते ओवाळणीचं. फीचं येगळं. त्याची मला घाई न्हाई." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

वडील ओल्या कुंकवाने पाटावर तसेच बसून राहिले. शिल्लक गेली होती आणि देणे जागच्या जागी होते. ते देणे म्हणजे मी.  मी पुढे झाले.

"आत्या, मोजून घ्या."

"ओवाळणी मोजत न्हाईत, बाई."

"म्हणूनच मोजा."

मी फडके सोडले आणि जमिनीवर रुपयांच्या चवडी लावायला लागले.  तिने फी भरलेल्या शाळेत शिकले तसे, इंग्रजीत, मोठ्याने मोजले.  आतेभाऊ भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याला हसू येत नव्हते.

"शाळेत हेच शिकवलं, व्हय?" आत्या म्हणाली. तिने चवडी पदरात ओढून घेतल्या. "मिटलं. तुमचं बी अन् माझं बी." जेवण न करता ती मुलाला घेऊन निघाली.

सावकार आता गहाण घ्यायला तयार होता, पण वडिलांच्या वाट्याचे घालायला काही उरले नव्हते. घर एका तेलाच्या व्यापाऱ्याने घेतले. आम्ही जिनिंगमागच्या दोन खोल्यांत आलो. तिथे रुईचे तंतू उडून जेवणात पडतात, आणि ते दिसले की आई माझ्याकडे बघते.

पुढच्या भाऊबीजेला आत्या आली नाही. वडील अंधार पडेपर्यंत कामावरच राहिले. आल्यावर त्यांनी कोरड्या कपाळाने पाणी मागितले. मी तांब्या दिला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, पण माझ्याकडे पाहिले नाही.