अप्पांची ओळख परेड

“बाहेर काढा त्या म्हातारीला! कावून लपवलीय आत? माझी सून इकली तिनं, सून!”

पाटोद्याकडच्या आमच्या ठाण्याचं फाटक हलवत अप्पा ओरडत होते. अप्पा म्हणजे बाजारातले मोठे आडतदार. आवाज असा, की त्यांनी पाटोद्यात भाव बोलावा आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवणाऱ्या ड्रायव्हरनं मान डोलवावी. त्यांच्या मागं काठ्या घेतलेलं गाव. स्टेशन डायरीत मी ‘मोठा जमाव’ असं लिहिलं. खरं विचाराल तर निम्मा बीड जिल्हा फाटकाशी होता आणि उरलेला निम्मा वाटेत होता.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दरोडेखोरांपेक्षा वाईट साक्षीदार पाहिले. पण निवृत्तीनंतर कुणी म्हणालं, ‘साहेब, एखादी केस सांगा,’ की ते सगळं मागं राहतं आणि सर्वपित्री अमावास्येची ही दुपार पुढं येऊन उभी राहते.

हकीकत अशी. गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या दुरुस्तीवर तेलंगणातली टोळी आली होती. बांधाखाली त्यांची पालं. त्या दिवशी दुपारी टोळीतल्या बाया ताटांत पिवळ्या फुलांचे मनोरे रचत बसल्या आणि शेंड्यावर हळदीचा गोळा ठेवू लागल्या. गावातल्या कुणीतरी ते पाहिलं. अमावास्या, फुलं, हळद आणि पलीकडं गावाच्या पिण्याचं पाणी! एवढ्या सामानात आमच्या मराठवाड्यात चार गावांची भानामती होते. त्यात अप्पांची सून सकाळपासून बेपत्ता. गावानं दोन्हींची गाठ जागेवरच मारली. टोळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला पिकअपमध्ये घातलं, तिच्या पुढचं फुलांचं ताट पुरावा म्हणून उचललं आणि वरात ठाण्यावर आणली. टोळीच्या बाकीच्या बाया चालत मागोमाग आल्या आणि आवारातल्या लिंबाखाली बसल्या. रडणं नाही, ओरडणं नाही. डोक्यावरून पदर घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

म्हातारीला सगळे अव्वा म्हणत. मी महिला शिपायाला शेजारी उभं करून चौकशी सुरू केली. अव्वा खुर्चीवर अशी बसली, जणू तपासी अंमलदार ती आणि आरोपी मी.

“सून कुठं विकली?”

“लेदु.”

“कुणाच्या गाडीत घातली?”

“लेदु.”

लेदु म्हणजे नाही, एवढी तेलुगू मला येत होती. मग मी विचारलं, “भानामती केलीस?” तशी म्हातारी खुर्चीतून उठली. तिनं माझ्या टेबलावर अशी थाप मारली, की शाईच्या पॅडनं दोन तोळे शाई ओकली. हा एक शब्द तिला कुणी सांगावा लागला नाही. तिच्या मुलखात त्याला बाणामती म्हणतात आणि त्या नावानं तिथंही बाया मारल्या जातात.

तो मुलूख मी पाहिला होता. सरकारी कागदात महबूबनगर. तिथली माणसं मात्र पालमूरच म्हणतात. एका फरारी आरोपीच्या मागं मी गेलतो. आमची माती काळी, त्यांची लाल. डोंगर म्हणजे गोल धोंडे एकावर एक ठेवलेले, इतके नाजूक तोललेले की आमच्या हवालदाराला शिंक आली तर मी त्याचं नाक धरायचो. कृष्णा नदी जिल्ह्याच्या कडेनं जाते, पण श्रीमंत पाहुण्यासारखी. दिसते, उपयोगाची नाही. म्हणून तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर दुसऱ्यांची धरणं बांधत, दुसऱ्यांचे तलाव खोदत हिंडली. त्यांना नेणारा मेस्त्री, आमच्या ऊसतोडीवाल्यांना नेणारा मुकादम. दोन्ही मुलूख एकाच निजामाचे, दोन्हीकडं डोंगरात सीताफळ. आरोपी सापडला नाही, पण मला तिथं परकं असं वाटलं नाही. बीडच कुणीतरी लाल रंगात बुडवून वाळत घातलंय, असं वाटत होतं.

तेवढ्यात वरून फोन आला. कुणाचा ते सांगत नाही, त्यांचा मुलगा आता मोठा पुढारी झालाय. “गावाच्या भावना आहेत. म्हातारीवर गुन्हा घ्या आणि विषय संपवा.” मी म्हणालो, “साहेब, लेखी द्या.” फोन असा ठेवला गेला, की माझ्या कानात दिवाळीपर्यंत घुमत होतं.

दुभाषा पाहिजे होता. हवालदारानं सीताफळाच्या एका व्यापाऱ्याला बोलावून आणलं. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. आमच्या डोंगरातलं सीताफळ तो हैदराबादला न्यायचा आणि तेलुगूत घासाघीस करण्यात त्याचा हात धरणारा तिथल्या मंडईतही नव्हता. चाचानं ताट पाहिलं आणि हसायलाच लागला.

“साब, भानामती-बिनामती काय बी न्हाई. बतुकम्मा हाय ही. त्यांची गौर समजा. या अमावास्येपासून लेकी माहेरी येतात, तरवडाची फुलं रचतात, वर हळदीची गौर ठेवतात, फेर धरतात अन् सांजच्याला पाण्यात सोडतात. बस!”

फाटकातून अप्पा गरजले, “गौर कुणी पाण्यात बुडवतं व्हय?”

“अप्पा, तुमी तुमची कुठं सोडता? फ्रीजमध्ये?”

मागं दोघं-तिघं फिसकन हसले. मी पंचनाम्यासाठी ताट उचललं. जड पितळी ताट, आणि आपल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊक आहे. भेट देणं दुय्यम, तिच्यावर नाव टोचून घेणं मुख्य. खालून पाहिलं तर ठळक अक्षरांत नवरीचं नाव, पुढं ‘मामाकडून सप्रेम’ आणि देगलूर तालुक्यातलं एक गाव. पालमूरच्या टोळीकडं देगलूरच्या मामाचं ताट? चोरीचं म्हणावं, तर चोर चोरलेल्या ताटात गौर रचून भर दुपारी बांधावर बसत नाही.

मी अप्पांना एकट्याला आत घेतलं.

“सूनबाईचं माहेर कुठलं?”

“देगलूरकडं.”

“तिकडं तेलुगू बोलतात ना?”

“तिची आई बोलती. आमच्या घरात आमी बोलू देत न्हाई.”

“बरं. मिसिंग दाखल करतो. वर्णन सांगा. रंग?”

“चांगल्या घरची हाय.”

“उंची?”

“भाकरी करायला उंची कशाला लागती, साहेब?”

“चेहरा कसा आहे?”

अप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मग म्हणाले, “आमच्यात सासऱ्यापुढं सुनेचा पदर नाकाच्या वर जात न्हाई. पण लेकीसारखी ठिवलीय! लेकीसारखी!”

सासूबाई वारलेल्या. नवरा पुण्याच्या कंपनीत, त्याचा फोन बंद. अप्पांनी मोबाईलवर लग्नाचा फोटो दाखवला. मुंडावळ्या, डोक्यावरून शालू आणि तोंडावर पार्लरचा एवढा थर, की त्या फोटोवरून मी पार्लरवालीला अटक केली असती, नवरीला नाही.

अप्पांना फाटकाशी सोडून मी वळलो, तसा चाचा माझ्या कानाशी आला. “साब, लिंबाखाली एक बाई दुसरीला म्हनाली, पदर पुढं घे, सासरा हिकडंच बघतोय.”

माझ्या हातातला चहा तिथंच थांबला. जिच्यासाठी गाव काठ्या घेऊन आलं होतं, ती गावाच्या नाकासमोर, सरकारी लिंबाच्या सावलीत बसली होती! आणि अव्वाला हे पहिल्यापासून माहीत होतं. एक बोट दाखवलं असतं तर ती सुटली असती. तिनं थाप मारली, पण बोट दाखवलं नाही.

बोट मीही दाखवू शकत होतो. पण दाखवलं असतं तर त्या पोरीला पुढच्या मिनिटाला अप्पांच्या गाडीत कोंबलं असतं, आणि तिचं म्हणणं काय हे कुणाला कधीच कळलं नसतं. मला दोघी सुटायला हव्या होत्या.

मी फाटकावर चढून जाहीर केलं, “अप्पांचा संशय आहे, की सून या टोळीच्या ताब्यात आहे. ठीक. अप्पा स्वतः ओळखतील. ओळखलं तर मी इथल्या इथं गुन्हा घेतो. नाही ओळखलं तर सगळ्यांनी घरचा रस्ता धरायचा. कबूल?”

“कबूल!” गाव ओरडलं. अप्पा सगळ्यांत मोठ्यानं.

ओळख परेड कशी घ्यायची याचे नियम आहेत, आणि त्यातला एकही मी त्या दिवशी पाळला नाही. महिला शिपायाला साध्या साडीत त्या बायांमध्ये बसवलं. बंदोबस्त म्हणून, दुसरं काही नाही! चाचानं तेलुगूत सांगितलं, पदर मागं घ्या. सगळ्यांनी घेतले. एकीनं सगळ्यांत शेवटी घेतला, आणि मान खाली न घालता सरळ समोर बघत राहिली.

अप्पा निघाले. त्या पोरीच्या पुढून गेले. परत आले, पुन्हा तिच्याच पुढून गेले, त्यांच्या धोतराचा सोगा तिच्या गुडघ्याला लागला. एका बाईपुढं जरा जास्त वाकले, तर ती जे काही बोलली त्याचं भाषांतर करायला चाचानं नकार दिला. कपाळावर घाम. मागं सगळं गाव बघतंय. शेवटी अप्पांनी छाती फुगवून बोट रोखलं.

“हीच! हीच माझी सून!”

ती उठली. म्हणाली, “अप्पा, मी पोलीस हाय. पोळ्याला तुमच्याच दुकानातून गूळ नेलता मी.”

मग कुठूनतरी आवाज आला, “अप्पा, म्हशी तरी वळखता ना?” आणि जो हशा पिकला, तो कपिलधारच्या धबधब्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. जमाव पांगवायला अश्रुधूर लागतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. माणूस पोट धरून हसायला लागला की त्याला काठी टाकावीच लागते, हे कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा ती पोर उभी राहिली. “मी हितं हाय.”

अप्पांचा चेहरा पितळी ताटासारखा झाला. मी जबाब तिथंच, सगळ्यांदेखत घेतला. ती सज्ञान, आवाज ठाम.

“लगीन झाल्यापासून माहेरी धाडलं न्हाई. भाऊ मुऱ्हाळी म्हून न्यायला आलता, त्याला उंबऱ्यावर चहा पाजून वापस लावला. आज सकाळी तलावाकडून आईची भाषा ऐकू आली. ताट घेतलं अन् गेले. मला कुणी नेलं न्हाई, कुणी इकलं न्हाई.”

“आता कुठं जायचंय?”

“माहेरी. पर आधी फुलं पाण्यात सोडायची हायेत.”

“चल घरी!” अप्पा पुढं झाले. अव्वा मध्ये उभी राहिली. तिच्या शेजारी महिला शिपाई. तिच्या शेजारी मी. आणि खोटं सांगत नाही, चाचाही पोट आत घेऊन उभा राहिला. अप्पा थांबले.

ताट सुपूर्दनाम्यावर सोडलं. लेखनिकानं विचारलं, मालक कोण लिहू? म्हटलं, वाच की खाली. सांजच्याला त्या बायांनी ठाण्याच्या आवारातच फेर धरला, टाळ्या वाजवल्या, आणि आमची शिपाईबाईही ‘बंदोबस्तासाठी’ त्यांच्यात दोन फेऱ्या मारून आली. मग पोलीस गाडीच्या मागोमाग सगळी वरात तलावावर गेली आणि फुलं पाण्यात गेली. त्या पाण्यानं कुणाला साधी शिंकही आली नाही. वरून पुन्हा फोन आला. मी पुन्हा म्हणालो, लेखी द्या. कागद अजून यायचाय.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. बाई बेपत्ता झाली की लोक आधी परक्याच्या पालाकडं धावतात. मी त्यानंतर आधी घरच्यांना विचारू लागलो, तिचा चेहरा सांगा. कितीतरी घरांत उत्तर येत नाही. आणि आमची हजारो माणसं कोयते घेऊन परक्या जिल्ह्यांत पालं ठोकतात. तिथल्या कुठल्या फाटकाशी त्यांच्यासाठी कोण उभं राहत असेल, हा प्रश्न बीडच्या माणसानं तरी काठी उचलण्याआधी स्वतःला विचारावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मला लेखी द्यावं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. मी त्यांना एसटीत बसवायला स्टँडवर गेलो, तर अप्पा तिथं. आवाज पार बसलेला. खिडकीखाली उभे राहून हळूच म्हणाले, “सूनबाई, लोक इचारतील. काय सांगू लोकाला?”

तिनं ताट मांडीवर सरळ केलं.

“वळखू आली न्हाई म्हून सांगा.”