वर्षश्राद्धाच्या पैशांचं इंजिन

नवरा जाऊन तीन दिवस झाले नव्हते, तोवर पहिला प्रश्न आला, "त्या बोटीचं आता काय करणार?"

माझं काय करणार, हे कुणी विचारलं नाही. मी काही अंगणातली जागा अडवून बसले नव्हते ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिनकर, म्हणजे आमचे हे, रिटायर झाले आणि फर्दापूरच्या एका ढाब्यामागून पन्नास वर्षं जुनी फायबरची बोट घेऊन आले. ढाबेवाल्याच्या शेळ्या तिच्या सावलीला बसायच्या.

तळाला भेग. मागची फळी कुजलेली. इंजिन तर नाहीच.

"अहो, आपल्याकडे पाणी टँकरनं येतं, आणि तुम्ही बोट आणताय?"

"आईला माहेरी न्यायचंय." एवढंच म्हणाले.

माझ्या सासूबाईंचं माहेर जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठलं, भाऊ पांगले, मग एकेक करून वारले. मुराळी होऊन लेकीला न्यायला यायचं, तर येणारं कुणी उरलंच नाही.

आईंनी कधी तक्रार केली नाही. फक्त दिवाळी आली की म्हणायच्या, "पान्याखाली का व्हयना, माझं घर हाय तिथं."

मी गुपचूप बजेट करायला बसले.

माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे. सामानाचे तीन ढीग केले.

ज्याच्यावाचून बोट बुडेल ते आधी. रेझिन, फायबरची मॅट, मरीन प्लायवूड, न गंजणारे बोल्ट.

ज्याच्यावाचून बोट हलणार नाही ते नंतर. स्टिअरिंगची केबल आणि इंजिन.

ज्याच्यावाचून दिनकररावांना झोप लागणार नाही, ते कधीच नाही.

पितळी हॉर्न तिसऱ्या ढिगात होता.

"हॉर्न कशाला? धरणात काय म्हशी आडव्या येणारेत?"

"येतात. पैठणला येऊन बघ."

पहिला फटका रेझिननं दिला. ते घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायच्या हार्डनरचं माप मुंबईच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं. ते माप मुंबईच्या हवेचं. आम्ही ते आपल्या मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली वापरलं.

ब्रश बुडवला तो बाहेरच येईना. बादलीचा दगड झाला, वर धूर निघायला लागला. शेजारचे काका पाण्याचा पाइप घेऊन धावत आले.

दिनकर पोट धरून हसत होते. मला काही हसू आलं नाही. पहिल्या ढिगाचे अर्धे पैसे त्या बादलीत गेले होते. त्या दिवाळीत घरात ना साडी आली ना सोफ्याचं कापड बदललं.

पुढचं सगळं काम मग सकाळी, ऊन चढायच्या आत.

भेग बुजली. नवी फळी बसली. आई अंगणात खुर्ची टाकून देखरेख करायच्या.

"किती ऱ्हायलं रं दिनू?"

"आता फक्त इंजिन, माय."

इंजिनसाठी मी वेगळी एफडी केली होती. ती मॅच्युअर व्हायच्या आत दिनकर गेले. सकाळी चहा मागितला. मी कप घेऊन गेले, तेवढ्यात सगळं संपलं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे सिल्लोडहून धाकटे दीर आले.

"वैनी, गावजेवण घालावं लागतंय. समदे सोयरे येतेत. भाऊची एफडी हाय ना?"

"ती इंजिनची आहे, भाऊजी."

"आता कुठलं इंजन? भाऊ काय बेवारस व्हता का? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू द्या. श्राद्ध रीतसर होईल, घरच्यापुरतं. पैसे इंजिनलाच जाणार."

भाऊजी आईंकडे वळले. "माय, तू तरी सांग हिला."

गावापुढे मी उभी राहिले असते. पण आई नको म्हणाल्या असत्या, तर माझ्या हातात काही नव्हतं.

आई म्हणाल्या, "म्या त्याची माय हाय. त्यानं काय मागितलं व्हतं, पुरनपोळी? इंजन आना."

रत्नागिरीहून सेकंडहँड इंजिन आलं. लाइफ जॅकेटं मात्र कोरी घेतली. आमच्यात पोहता कुणालाच येत नाही, तिथं काटकसर नको. धरणात बोट उतरवायच्या परवानगीसाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, तीही मिळाली.

भाऊजींनी अबोला धरला होता. काल ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन स्वतःच दारात उभे.

"बोट काय डोक्यावर नेणार व्हता?"

आज सकाळी घरीच श्राद्ध केलं आणि निघालो. पैठणच्या एका मच्छीमारानं बोट चालवली. सुरकुतलेल्या लुगड्यावर केशरी जॅकेट घालून आई पुढे बसल्या. लांबच्या टेकडीवर नजर धरून वाट त्यांनीच सांगितली.

"अजून थोडं. डाव्या अंगाला. हां, हितं. बंद कर ते."

इंजिन थांबलं.

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. आणि लेक दारात येऊन हाक मारते तशी, पाण्याकडे बघून खणखणीत हाक मारली.

"माय, म्या आले गं! माझ्या दिनूनं आनलं मला!"

भाऊजींनी तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. मनसोक्त रडले.

अहो, ऐकलंत ना?

तुम्ही नेतो म्हणाला होतात. तुम्हीच नेलंत.

नमस्कार करते.