लटारूची कुऱ्हाड

आरमोरीकडच्या रानात पुरुष घराबाहेर पडला की खांद्यावर कुऱ्हाड असायचीच. एकट्या लटारूच्या नसायची. लोक म्हणत, "काऊन गा, बायकोनं काढून घेतली का?" लटारू हसे आणि पुढे चालू लागे.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा बाप झिंगू. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणात झिंगूची कुऱ्हाड चालली, माणूस गेला आणि झिंगू चांद्याच्या तुरुंगातच संपला. लटारूचं नाक बापाचं, चाल बापाची आणि रागही बापाचा. आधी कान तापत, मग हात थरथरू लागत. "खाण तशी माती," गाव म्हणे. लटारूलाही ते पटे. आज ना उद्या आपलाही हात उठणार, ही धास्ती त्याला खाई. म्हणून त्यानं तरुणपणीच कुऱ्हाड सोडली. सरपण बायको, बुधरी, तोडून आणी. त्याला लाज वाटे, पण कुऱ्हाडीला तो शिवला नाही.

आज्याची धाकटी बहीण शकुबाई तेवढी गावाचं ऐकत नसे. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती एकदा बुधरीच्या देखत लटारूला म्हणाली, "हा राग झिंगूचा नोहे रे, त्याच्याही आधीचा हाये. तुया आज्याले असाच ये. गोठ्यात वाघ शिरला तं सारे पळाले, हा उभा राह्यला."

"कुऱ्हाडीनं मारलं?"

"कुऱ्हाड कुठी होती त्याच्यापाशी! असा वरडला का वाघ बैल सोडून गेला. रानात असे रागीटच टिकले, बापा. तोच राग तुमच्यात उतरला. आता समोर वाघ नाई, शेजारी हाये. तं तो शेजाऱ्यावरच निंगते."

१९५५ साली ऐन धानाचे दाणे भरताना पावसानं दडी मारली. बोडीचं, म्हणजे शेतांजवळच्या लहान तळ्याचं, पाणी पाळीपाळीनं घ्यायचं ठरलं. लटारूच्या पाळीला सकाळी नवरा-बायको गेले, तर त्यांची धानाची बांधी कोरडी. शेजारच्या पत्रूनं धुरा फोडून पाणी आपल्याकडे वळवलं होतं.

"पाळी माही हाये, पत्रू."

"मंग जा ना," पत्रू हसला, "तुया बापाले बोलाव!"

लटारूचे कान तापले. हात थरथरू लागले, आणि हातात फावडं होतं. बुधरीनं ते धरलं नाही. एवढंच म्हणाली, "राग आज्याचा असन. हात तं तुया हाये."

लटारूनं फावडं बोडीत भिरकावलं आणि छाती फाटेस्तोवर ओरडला. त्यात शब्द नव्हता. बगळे उडाले, चरणारे बैल शेपट्या वर करून उधळले आणि पत्रू मटकन चिखलात बसला. बसल्या बसल्याच तो हातांनी धुऱ्याचं भगदाड बुजवू लागला.

लटारूनं आपले हात पाहिले. ते थरथरत नव्हते.

"माही बांधी भरली का मंग तू घे पानी," तो म्हणाला. "तुयाही धान मरू नाई."

फावडं पत्रूनंच बुडी मारून काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी बुधरी सरपणाला निघाली, तर खुंटीवर कुऱ्हाड नव्हती. लटारू ती खांद्यावर टाकून केव्हाच रानाकडे गेला होता.

पुढे धानात डुकरं शिरली की पत्रूच पहिला दाराशी येई. "चाल गा लटारू, वरड थोडा." कुऱ्हाड खांद्यावर असली, तरी लटारू ओरडूनच भागवी.