खंडोबाच्या मागचा पिवळा दिवा

कल्पना करा, जीपचं बॉनेट उघडून तुम्ही वाकलेले आहात. हातात पाना आहे. समोर चहाच्या कपाएवढा एक व्हॉल्व्ह आहे, त्याला ईजीआर म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा भाग तो परत इंजिनातच पाठवतो. तुम्हाला त्याची ही वाट बंद करायची आहे. बोल्ट सैल करा, जाड पत्र्याचा तुकडा कापून मध्ये सरकवा, बोल्ट पुन्हा आवळा. झालं. एवढ्यावर आपण मोठे इंजिनिअर झालो असं वाटलं, तर या, माझ्या शेजारी बसा.

ती जीप माझ्या मामाची, मल्हाररावची. मामा देवगाव रंगारीकडचा. पस्तिशीपर्यंत तो मेंढरांमागं चालला. मग शहराकडच्या माळांवर प्लॉटिंगचे दगड रोवले गेले, दगडांमागून कुंपणं आली, कुंपणांमागून कमानी. चारणीच्या वाटा बुजल्या, तशी मामानं जुनी जीप घेतली. मेंढरं मात्र विकली नाहीत. ती आक्काबाई मामी राखायची आणि मामा गंगापूरच्या रस्त्यावर सवाऱ्या मारायचा. त्याची हाकायची सवय गेली नव्हती. सवाऱ्या चढताना रेंगाळल्या की तोंडातून आपोआप "हुर्रऽ" निघायचं. एकदा एक गुरुजी चिडले, तर मामा म्हणाला, "गुरुजी, राग नका मानू. हे ऐकून मेंढरं बी चढत नायत."

दोन हजार अठराच्या दुष्काळात विहीर आटली. मामीनं कळप गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या दिशेनं काढला. मामा जीपमध्ये पाण्याचे ड्रम भरून वाटेवर पोचवायचा. जीप काळा धूर ओकायची आणि डिझेल प्यायची. सवाऱ्याही घटलेल्या. एक व्यापारी कळपाभोवती दोनदा फिरून गेला होता. तेवढ्यात कळलं, चितेगावच्या एका कारखान्याला कामगार ने-आण करायला गाडी हवी आहे. बारमाही काम. ते मिळालं तर कळप राहणार होता, नाही तर व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता.

मी तेव्हा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा नुकताच संपवला होता आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून उरलेलं शिक्षण पुरं करत होतो.

"मामा, हा व्हॉल्व्ह इंजिनाला त्याचाच धूर खाऊ घालतो," मी सांगितलं. "बंद करू. ॲव्हरेज वाढेल, धूर कमी होईल."

"सोताचाच धूर? असं कुठं असतं व्हय, हनुमानराव?"

"कंपनीनंच तसं केलंय."

"मंग कंपनीला काय येड लागलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. व्हिडिओत त्याचं उत्तर नव्हतं. पण आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. पाया पडलेल्या माणसावर शंका घ्यायची कशी? मामानं पाना हातात दिला.

पत्रा बसला. काळा धूर गेला, इंजिन हलकं ओढू लागलं. मी त्याच रस्त्यावर ॲव्हरेज काढलं. भरपूर वाढलेलं! गंगापूरच्या स्टँडवर चहा पीत मी मोठ्यानं जाहीर केलं, "दुष्काळात डिझेल वाचवायचा हाच उपाय." शेजारी जीपवाले काकासाहेब बसले होते. त्यांनी विचारलं, "भाचेबुवा, पाऊस पाडायचं बी बघता का?"

एकच अडचण होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना. मामीनं तो पाहिला आणि हात जोडले. "भंडाऱ्यावानी पिवळाधम्मक! देव बसलाय गाडीत." मामानं लगोलग खंडोबाचं चित्र आणून बरोबर त्या दिव्यावर चिकटवलं. पातळ कागदातून उजेड झिरपायचा आणि देवामागं प्रभावळ दिसायची. मी इंजिनाचा शिकलेला माणूस. मला ती प्रभावळ फार आवडली. मी फोटो काढून मित्रांनाही पाठवला.

चितेगावला गाड्या तपासायला नानासाहेब म्हणून एक अधिकारी होते. ते आधी चित्राच्या पाया पडले. मला वाटलं, झालं काम. मग त्यांनी चित्राचा कोपरा नखानं उचलला.

"देवाला इथं का बसवलं?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"दिवा विझवून आणा. सोमवारी शेवटचं बघतो."

घरी येऊन मी पहिल्यांदा कॉलेजचं पुस्तक उघडलं. ईजीआरचा धडा त्यात होता. परीक्षेला येत नाही म्हणून मी सोडला होता. परत आलेल्या धुरानं इंजिनातला प्राणवायू कमी होतो, आग जरा थंड जळते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. वाट बंद केली की ते वायू खूप वाढतात. दिसत मात्र नाहीत. डिझेलची बचत म्हणाल तर नगण्य.

मग माझं वाढलेलं ॲव्हरेज कुठून आलं?

विचार करत मी जीपच्या मागच्या भागात पाहिलं, तर तिथं कोकरांच्या लेंड्या. तेव्हा ट्यूब पेटली. पत्रा बसवण्याआधी जीप पाण्याचे भरलेले ड्रम वाहत होती. नंतर कळप नदीला लागला, तिथं पाणी मिळालं, आणि मामा ड्रमांऐवजी चालता न येणारी कोकरं वाहू लागला. ड्रम आणि कोकरू यांच्या वजनात फरक असतो, हे डिप्लोमात वेगळं शिकवत नाहीत.

मी पत्रा काढला. व्हॉल्व्ह बाहेर घेतला तर आत काजळीचा गठ्ठा. तो उघडाच अडकून पडला होता. काळा धूर आणि डिझेलची चैन त्याचीच. स्वच्छ धुऊन बसवला. माझं तोंड इतकं काळं झालं की मामी म्हणाली, "आता तुमचाच धूर निघाया लागला, हनुमानराव." गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र लावून बघणाऱ्या कोडरीडरवाल्याकडून दिवा घालवला, मग तीच कोकरं भरून तोच रस्ता केला. ॲव्हरेज पत्र्यावेळी होतं तेवढंच निघालं. म्हणजे तेव्हाही कमाई पत्र्याची नव्हती. अडकलेली वाट बंद झाली, एवढंच.

सोमवारी नानासाहेबांनी किल्ली फिरवली. दिवा लागला आणि विझला. खंडोबा आता आरशाशेजारी, प्रभावळीशिवाय. काम मिळालं. व्यापाऱ्याला मामानं फोनवरच नाही म्हटलं.

येताना नवी पीयूसी काढली. धुराचा आकडा पाहून मामा थबकला. पत्रा असताना काढलेली पीयूसी त्यानं जपून ठेवली होती. तिच्यावरचा आकडा याहून कमी होता. दोन्हीत गाडी पास.

"इखारी वायू जास्त निघत हुता तवा कागद जास्त चांगला?"

"इथं धुराचा काळेपणाच मोजतात, मामा. तो वायू मोजत नाहीत."

मामानं दोन्ही कागद खिशात घातले. पैठण रोडला गाड्यांची रांग लागली होती. एकीतूनही धूर दिसत नव्हता. रांगेच्या पलीकडं, नव्या कमानीखाली, कुणाची तरी मेंढरं उभी होती.

आजही मी मामाकडं गेलो की तो आधी पाया पडतो, मग एकच विचारतो. मी अजून छताकडंच बघतो.

"इंजिनेर, त्या रांगेतल्या किती गाड्यांत पत्रा आसंल, अन् ते मोजायचं कुणी?"