मालनताईंच्या मनगटावरची तुळस

मालनताई मूळच्या बार्शीच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी जयपूरला आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. वैशाली नगरमधल्या एका खाजगी रुग्णालयात एकोणीस वर्षं आया होत्या. शिक्षण आठवी. पण तान्ह्या बाळाची शीर सापडेना की डॉक्टरच म्हणायचे, मालन को बुलाओ.

त्या रुग्णालयाचं नर्सिंग कॉलेजही आहे. साठ विद्यार्थी, आणि वॉर्डात धड वीस रुग्ण नाहीत. तरी प्रत्येकाने सलाईनची सुई तीस वेळा स्वतः लावल्याची नोंद हवी. पूर्वी वहीत खोट्या नोंदी व्हायच्या. त्या थांबवण्यासाठी कॉलेजने ॲप करून घेतलं. ते मी लिहिलं. नोंदीसोबत फोटो हवा, ही अट माझी. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून फोटोत चेहरे नकोत, फक्त हात दिसावेत, हीसुद्धा माझीच. त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होतो.

शिकाऊ पोरांना रुग्णाचे नातेवाईक हात लावू देत नसत. मग विद्यार्थी मालनताईंना पडद्याआड बोलवायचे. मौसी, बस एक फोटो. सुई त्या लावायच्या, नोंद विद्यार्थ्याची व्हायची. सुरुवातीला त्या स्वतःचा हात पुढे करून म्हणायच्या, आधी माझ्यावर शिका. वल्लरी नावाची एकच मुलगी शिकायला यायची. बाकीच्यांना घाई होती.

परीक्षेसाठी बाहेरून आलेल्या बाईंनी फोटो एकेक करून पाहिले. बेचाळीस विद्यार्थ्यांच्या नोंदींत, हातमोज्याच्या जरा वर, तेच गोंदण होतं: छोटंसं तुळशीवृंदावन.

चौकशीला मलाही बसवलं. प्राचार्यांनी मालनताईंना विचारलं, शिक्षण नसताना रुग्णाला सुई का लावली?

"जे शिकत होते त्यांना येत नव्हती म्हणून."

कुणी हसलं नाही. शिक्षण नसताना रुग्णाला हात लावला, या कारणावरून त्यांना त्याच दिवशी काढलं. डॉक्टरांनी किती वेळा बोलावलं होतं, ते कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. हातात डबा आणि चपलांची पिशवी. कोपराखाली वल्लरीने टोचल्याचे निळे डाग अजून होते.

"दादा, ॲप तुमचंच ना? त्या वल्लरीच्या नोंदी खऱ्या आहेत. तेवढं सांगा त्यांना."

मी सांगितलं. प्राचार्यांनी यादी काढली. बेचाळीस जणांकडून माफीपत्र घेऊन त्यांना पास केलं होतं. वल्लरीच्या नोंदी खऱ्या होत्या, पण अकराच. तीस नाहीत म्हणून तिचं वर्ष गेलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजने मला एक बदल कळवला. फोटो काढण्यापूर्वी ॲपने सूचना दाखवावी: पूर्ण बाह्यांचा गाऊन घाला.

अर्ध्या तासाचं काम होतं. मी करून दिलं.