मी न सांगितलेलं वाक्य

सातवीत मला हिर्डोशीहून भोरला मावशीकडे ठेवलं, इंग्रजी शाळेसाठी. तिथे किती एकटं वाटायचं, हे मी घरी कधीच बोलले नाही. परवा रविवारी दुपारी वाटलं, माझ्याऐवजी एखादा सिनेमाच ते सांगेल. म्हणून आईला आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लॅपटॉपवर एक इंग्रजी ॲनिमेशनचा सिनेमा लावून दिला. त्यातली मुलगीही घरापासून लांब वाढते. मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

"कार्टून बघायला आमी काय बारकी पोरं हाय व्हय?" असं म्हणत बसलेले दादा त्यातल्या लठ्ठ बोक्याला मात्र पोट धरून हसले. आई नाचणी निवडता निवडता बघत होती.

शेवटाकडे ती मुलगी रडत आईवर ओरडली, "मला पाठवताना एकदा तरी विचारलंस का?"

हे वाक्य मी मराठीत सांगितलं नाही.

"काय म्हनली गं?" आईने विचारलं.

"भूक लागलीय म्हणाली."

"म्हनून आईवर वरडायचं? आन् असलं पोरांना दावत्यात!" दादा वैतागून उठले आणि गोठ्याकडे गेले.

आईचा हात सुपातच थांबला होता. "भुकेनं न्हाई कुणी असं रडत," ती पडद्याकडे बघत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू बी रडायचीस का गं अशी, मावशीकडं?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

"नाही," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.