भिगवणच्या पाण्यावर, न बोलता

आमच्या हिचे कान गेल्या दोन वर्षांत पार मंदावले. यंत्र आणलं, ते कपाटात. "त्यात भांडीच जास्त वाजतात," म्हणते. हळूहळू ती चार माणसांत बसेनाशी झाली; कुणी आलं की स्वयंपाकघर गाठायची. एवढी बोलकी बाई मिटत चाललेली बघवेना. म्हटलं, जरा पाण्याकाठी नेऊन बघू.

माघातल्या एका पहाटे सदाशिव पेठेतून गाडी काढली. लोणी काळभोरला उजाडलं, यवतला चहा. भिगवण ओलांडून डावीकडे वळलं की कुंभारगाव. दोन-अडीच तास धरा. इथं भाडं माणशी नाही, होडीमागं. म्हणून काठावर भेटलेल्या हिंजवडीच्या एका तरुण जोडप्याला सोबत घेतलं. हिच्या कपाळावर आठी.

पाण्यावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं, शिवण सापडेना. लांबवर गुलाबी रेघ दिसली. रोहित पक्ष्यांचा थवा! नावाडी नामदेवनं इंजिन बंद केलं, बांबू घेतला.

"आता कुणी बोलायचं न्हाई. आवाज झाला की समदी उडत्यात. म्या हात करतो, तिकडं बघा."

मग तो बोटांनी बोलू लागला. आम्ही तिघं बावळटासारखे भलतीकडे बघत होतो. हिला मात्र सगळं आधी कळायचं. दोन वर्षं लोकांचे हात नि ओठच वाचतेय ती. तिनं त्या जोडप्यातल्या पोराची मान धरून सरळ वळवली. पुढं सगळे हिच्याच बोटाकडे बघायला लागले. होडी स्वप्नातल्यासारखी सरकत होती.

काठावर ती मुलगी म्हणाली, "काकू, कसलं शार्प दिसतं तुम्हाला."

"ऐकू येत नाही गं. मग बघत बसते."

परक्या माणसाला हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं.

नामदेवच्या घरी चिलापी माशाचं कालवण नि बाजरीची भाकरी. शाकाहारी असाल तर पिठल्यासाठी आधी कळवा. चुलीपाशी त्याची बायको नि ही हातवारे करून काय हसत होत्या, देव जाणे.

येऊन आठवडा झाला. फोटो धुक्यात गेले. पण मी ओरडून बोलणं सोडलं. खांद्याला हात लावतो, बोट दाखवतो. काल गॅलरीत हिनं माझं कोपर धरून समोरची तार दाखवली. चष्मा लावून पाहिलं, काहीच नव्हतं. हातानंच विचारलं, काय?

"काही नाही. तुमचे डोळे शाबूत आहेत का, ते पाहिलं."

मग हिनं शेजारच्या ताईंना हाक मारून बाहेर बोलावलं, आणि त्यांनाही तीच तार दाखवली.